‘हस्ते’पुढची रिकामी जागा

हरसूलकडच्या त्या गावात केरूनानांनी एकतीस वर्षं घरपट्टी वसूल केली. हुद्दा ग्रामपंचायतीच्या शिपायाचा, पण रुबाब असा की सरपंचानंही खुर्ची सरकवावी. बगलेत पावतीपुस्तक आणि जिभेवर शेरा तयार. कुणी रस्त्याची तक्रार केली की म्हणायचे, "पट्टी न भरता रस्ता मागतोस? न जेवता ढेकर येती का कुणाला?" कुणी देवाधर्माच्या खर्चाची सबब सांगितली की म्हणायचे, "देवाला नारळ फोडला तर देव दिसंलच असं नाय. पट्टी भर, खांबावरचा दिवा तरी दिसंल." लोक हसायचे आणि हसता हसता पैसे काढायचे.

एक बोल मात्र ते हसून सांगत नसत. "ज्याच्या दारात पट्टी मागाया कुणी येत नाय, त्याला घर हाय हे सरकारला ठाऊकच नसतं. पावती जपा, बाबांनो."

हा बोल गावात कुणी मनावर घेतला असेल, तर तो अक्कानं. अक्का म्हणजे बुधाची विधवा; सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. ती राहायची ते घर पंचायतीच्या दप्तरात थोरल्या दिराच्या, मल्हारीच्या नावावर. मल्हारी शहरात, गंगापूर रोडला एका सोसायटीत वॉचमन. गावाकडं तो फिरकला नाही आणि पट्टीचा रुपयाही त्यानं कधी धाडला नाही. दर मार्चला अक्काच पदराची गाठ सोडून नानांच्या हातावर पैसे ठेवायची. बारा वर्षांच्या बारा पावत्या तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या.

यंदा मल्हारी वारला आणि त्याचा मुलगा संतोष उगवला. घर पाडून त्याला रस्त्याकडेला गाळा काढायचा होता. त्यानं पंचायतीत अर्ज टाकला: घर बापाचं, पावत्या बापाच्या नावाच्या, चुलतीचा संबंध नाही. फैसला ग्रामसभेत व्हायचा होता.

आदल्या दिवशी सकाळीच अक्का पिशवी घेऊन नानांच्या ओट्यावर आली. नाना निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. त्यांनी चष्मा चढवून पावत्या पसरल्या. नाव मल्हारी भोये. ते दप्तराप्रमाणेच असणार. पण त्याखाली ‘हस्ते’ अशी जागा असते. पैसे कुणी आणून दिले, त्याचं नाव तिथं लिहायचं. बाराही पावत्यांवर ती जागा कोरी होती आणि अक्षर नानांचं होतं.

दुकानदाराच्या, सरपंचाच्या पावतीवर नाना न चुकता नाव लिहायचे, कारण ती माणसं वाचून बघायची. अक्काला वाचता येत नव्हतं. तिच्या दारात उभं राहून नाना शेरे मारत बसले, आणि दोन शब्द लिहायचा कंटाळा केला.

"चांगल्या हायेत ना पावत्या?" अक्कानं विचारलं.

खिशात पेन होतं. नानांनी टोपण काढलंही. आता लिहिलं तर कुणाला कळणार? पण एक पावती खोटी झाली की एकतीस वर्षांच्या सगळ्याच खोट्या, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी टोपण परत लावलं.

"उद्या मी येतो," एवढंच ते म्हणाले. अक्काच्या तोंडाकडं त्यांना बघवेना.

ग्रामसभेत संतोषनं अक्काच्या पावत्या हातात घेऊन सगळ्यांना दाखवल्या. "कुठंय हिचं नाव?"

नाना उठले. लोकांना वाटलं, आता काहीतरी फर्मास ऐकायला मिळणार. एकदोघं आधीच हसायला लागले.

"नाव नाय, कारण मी लिहिलं नाय," नाना म्हणाले. "बारा वर्षं पैसे हिनं आणून दिले, माझ्या हातावर. हस्ते लिहायचं माझं काम होतं. आळस केला. हिला वाचता येत नाय म्हणून केला. पाहिजे तर लिहून सही करून देतो, पुढं माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या."

कुणी हसलं नाही. संतोष म्हणाला, "मग एवढी वर्षं गावाला अक्कल शिकवत होता ती कसली, नाना?" शरमेनं नानांचे कान तापले.

ग्रामसेविका उज्ज्वला मॅडमनी गावाला विचारलं, या घरात राहतं कोण? अर्ध्याहून जास्त हात अक्काकडं झाले. "मालकीचा वाद कोर्टात बघा," मॅडम संतोषला म्हणाल्या. "पण राहणाऱ्याचा रकाना दप्तरात वेगळा असतो. तिथं यांचं नाव लागेल. तोवर घराला हात लावायचा नाही." मग रजिस्टर ओढून त्यांनी विचारलं, "नाना, यांचं पूर्ण नाव सांगा."

नानांनी तोंड उघडलं. घराचा नंबर त्यांना पाठ होता, पट्टीचा आकडा पाठ होता. नाव येईना. त्यांनी अक्काकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

अक्का भिंतीला धरून उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लताबाई बुधा भोये," ती म्हणाली. मॅडमनी लिहिलं. मग अक्का रजिस्टरजवळ गेली आणि आपलं नाव कुठलं, ते बोटानं दाखवायला तिनं मॅडमना सांगितलं.