बेचाळीस नंबरचं टेबल

प्रवासी जहाजाच्या जेवणाच्या दालनात, अगदी दारात उभं राहणाऱ्या माणसाचं काम लांबून फार ऐटीचं दिसतं. काळा कोट, पांढरे हातमोजे, समोर उंच मेज आणि त्यावर टेबलांचा नकाशा. खरं म्हणजे त्याला तिथे लोकांचा राग झेलायला उभं केलेलं असतं. भुकेला माणूस परवडला, सुट्टीवर आलेला माणूसही परवडला; दोन्ही एकाच अंगात आले की देवच वाचवो. आपल्या या गृहस्थाने दारात अशी सहा वर्षं काढली होती. दर दोन मिनिटांनी तो कुणाला तरी "दोनच मिनिटं हं" म्हणायचा, म्हणून वेटर लोकांनी त्याचं नाव दोनमिनिटे ठेवलं होतं, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

त्याआधी तेरा वर्षं तो याच जहाजावर वेटर होता. पहिलं वर्षभर नुसते पाण्याचे ग्लास भरले, मग तीन टेबलं मिळाली, मग पाच. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याला दारावर आणलं गेलं. फोनवर बायकोला त्याने सांगितलं, "बढती झाली."

"अहो, मग हाताखाली किती माणसं आली?"

"कोणी नाही."

"मग बढती कसली? जागा बदलली म्हणा."

मूळचा स्वभाव काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते बहुधा असल्याच माणसाला बघून म्हटलं असावं. सुट्टीत घरी गेला की दाराची कडी तीनदा बघायचा, गॅस चारदा. घरचे हसायचे. दारावर मात्र हा स्वभाव कामाला यायचा. कोण कुणाशी भांडून आलंय, कुणाला एसीचा झोत सोसत नाही, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं.

त्या दालनाचा एक नियम होता. बाकीच्यांनी रोज रांगेत थांबावं आणि मिळेल त्या टेबलावर बसावं. पण ज्याला एखादा पदार्थ बाधतो, त्याला पूर्ण सफरीत एकच टेबल. त्याचं जेवण वेगळ्या भांड्यात शिजायचं, ताटाच्या कडेला लाल चिठ्ठी लागायची आणि ते ताट टेबलाच्या नंबरावर जायचं. स्वयंपाकघराला माणसं दिसत नाहीत, नंबर दिसतात. त्यामुळे लाल चिठ्ठीचं टेबल हलवायचं नाही. नव्या वेटरला हे पहिल्या दिवशी दोनमिनिटेच शिकवायचा, तेही दोनदा.

या सफरीत बेचाळीस नंबरला एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी बसत. मुलीला बदाम, अक्रोड, काजू, काहीही चालत नसे. पहिल्या संध्याकाळी आईने हे त्याला तीन वेळा सांगितलं, शेवटच्या वेळी त्याचा हात धरून. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा," तो म्हणाला होता. आणि चार दिवसांत ती खरोखरच निर्धास्त झाली होती. आलेलं ताट आता ती उलटसुलट तपासत नव्हती.

पाचव्या संध्याकाळी समुद्र जरा खवळलेला होता. वरच्या मजल्यावरची उघड्यावरची जेवणं बंद ठेवली होती, त्यामुळे सगळं जहाज खाली या एका दारावर लोटलं. त्यातच दालनाचे नवे साहेब घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. वयाने त्याच्या थोरल्या मुलाएवढे. कुणीही वीस मिनिटांहून जास्त ताटकळता कामा नये, असं त्यांचं फर्मान होतं.

"काका, ते आठ जण चाळीस मिनिटं उभे आहेत."

"आठांचं टेबल रिकामं नाही, साहेब."

"मग करा रिकामं. दारावर माणूस कशाला ठेवलाय?"

हे शेवटचं वाक्य त्याच्या वर्मी लागलं. दारावरून काढलं तर त्याच्या गुडघ्यांना जहाजावर दुसरी जागा नव्हती. पुढे थेट घर. त्याने नकाशा पाहिला. एक्केचाळीस आणि बेचाळीस जोडली तर आठ जण बसत होते. मायलेकी अजून आल्या नव्हत्या. त्याने टेबलं जोडायला लावली. पाच मिनिटांनी त्या आल्या, तेव्हा त्यांना खिडकीजवळचं सदुसष्ट दिलं. मुलगी लाटा बघून उड्या मारायला लागली. "आजोबा, इथून पाणी दिसतं!" त्यालाही बरं वाटलं. स्वयंपाकघरात फोन करून नंबर बदलायचा, हे त्याने मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यात रांगेतला एक गृहस्थ तावातावाने मेजावर हात आपटायला लागला.

फोन राहिला. दुसऱ्याला जे पहिल्या दिवशी शिकवायचं, तेच आपण एकोणीस वर्षांनी विसरायचं, याला काय म्हणावं?

थोड्या वेळाने त्याची नजर सहज आत गेली. जोडलेल्या टेबलापाशी एक वेटर हातात सुपाचा वाडगा घेऊन गोंधळून उभा होता. त्या आठ जणांपैकी कुणीच तो वाडगा मागत नव्हतं. बशीच्या कडेला लाल चिठ्ठी होती.

त्या दिवशी बाकी सगळ्यांच्या सुपात बदामाची पेस्ट होती. सदुसष्टचा वेटर मुलीला ओळखत नव्हता. आणि आई निर्धास्त होती.

"काका, पुढचे दोघं," साहेब म्हणाले.

दार सोडायचं तर कारण सांगावं लागणार होतं. सूप अजून पोचलं नसेल, त्याने स्वतःला समजावलं. मुलं सूप पितात कुठे? समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला तो एकोणीस नंबरला बसवून आला. मग चार मित्रांना तेवीसला. हसला, खुर्च्या ओढून दिल्या, पण पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. परत दाराशी आला, साहेबांच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वळला.

"अहो काका! दार!"

दालनात पळायचं नसतं. तो पळाला.

सदुसष्टवर मुलीपुढे वाडगा होता. चमचा ओला होता. त्याने वाडगा असा उचलला की निम्मं सूप त्याच्या बाहीवर सांडलं.

"ताई, हे तिचं नाही. यात बदाम आहेत. ती प्यायली का?"

आईच्या तोंडचा रंगच उडाला. "मी बाहेरच्या लाटांचा फोटो काढत होते... बाळा, प्यायलीस?"

"गरम होतं," मुलगी म्हणाली. "नुसतं चाटलं."

"कधी?"

"आत्ता. आजोबा यायच्या आधी."

आईने पर्समधून औषध काढलं, ते पाजलं, इंजेक्शन हातात धरून बसली. जहाजाचे डॉक्टर आले. अर्धा तास बघायचं, ते म्हणाले. आठव्या मिनिटाला मुलीचा वरचा ओठ सुजला आणि ती तो खाजवायला लागली. दोनमिनिटेचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी खुणेने बोलावलं, तरी तो हलला नाही. मुलीच्या श्वासाबरोबर आपलाही श्वास मोजत तो उभा राहिला. हे लेकरू आपल्यामुळे गेलं तर, या एका विचारापुढे घर, गुडघे, नोकरी, काही उरलं नव्हतं.

सूज वाढली नाही. विसाव्या मिनिटाला ती उतरायला लागली. तिसाव्याला मुलीने विचारलं, "माझं जेवण कधी येणार?"

"चाटण्यावर निभावलं," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर थांबवलंत."

एव्हाना साहेबही तिथे आले होते. आईने डोळे पुसले आणि दोनमिनिटेचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही तसेच धावत आलात, म्हणून वाचलो हो. नाहीतर..."

साहेबांनी मान डोलावली. चूक अशी निस्तरली गेली, की तिचं शौर्य होऊन बसलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. इतकं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

"नाही ताई," तो म्हणाला. "टेबल मीच बदललं आणि आत कळवायला विसरलो. आणि लक्षात आल्यावरही तसाच धावलो नाही. आधी आणखी दोन टेबलं भरली, मग आलो."

बाईने त्याचा हात सोडला.

"कुठली दोन?" तिने विचारलं.

त्याने दाखवली. एकोणीस नंबरवरचा म्हातारा बायकोला पाव कापून देत होता. तेवीसवर चौघं मित्र कशावर तरी हसत होते, आणि त्यांचं सूप संपत आलं होतं.