बिनलायसनची गाडी

माझ्या मेव्हण्याने आयुष्यात एकही वस्तू उचलून, ठोकून आणि वास घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेतली नाही, आणि इतकं करून घेतलेली एकही वस्तू धड निघाली नाही. हे मी रागाने लिहीत नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि बायको गेल्यापासून तो माझ्यात राहिलेला नाही. हा तिचा धाकटा भाऊ, धुळ्याला राहतो. भरताची वांगी घ्यायला धुळ्याहून थेट जळगावजवळच्या असोद्याला येणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. बाईच्या पाटीतलं एकेक वांगं तो हातात तोलतो, कानाशी धरतो, देठाचा वास घेतो, तोवर ती बाई बाकीच्या गिऱ्हाइकांना विकून मोकळी होते आणि उरलेली किडकी वांगी ह्याच्या पिशवीत येतात. एकदा कूलर आणला, तोही दुकानात कान लावून पंखा ऐकून. तो कूलर घरभर पाणी फेकायचा, वारा तेवढा द्यायचा नाही. बायको मात्र त्याला चांगली मिळाली, कारण ती माझ्या बायकोने पसंत केली होती.

सगळी उमर त्याने ट्रक चालवला. सावद्याहून केळी भरायची आणि दिल्लीला उतरवायची, हा त्याचा धंदा. मोठ्या बहिणीला तो अक्का म्हणायचा, आणि गाडी कुठलीही असो, तिच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत ‘अक्कानी कृपा’ असं रंगवलेलं असायचंच. अक्काने कृपा काय केली होती, तर लहानपणी त्याला मारून मारून शाळेत पाठवलं होतं आणि तो तिथूनही पळाला होता. रिक्षात बसला तर रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते सांगायचा. आमच्याकडे आला की चपला दाराकडे तोंड करून, निघायच्या तयारीत लावायचा. मी डाळ मिलमध्ये पोती उचलण्यात जन्म घालवला, पण घरी आल्यावर पोतं डोक्यातून काढून ठेवायचो. ह्याच्या डोक्यातून गाडी कधी उतरलीच नाही.

मग साखरेने त्याचा एक डोळा धूसर केला. डॉक्टरने हायवे बंद सांगितला, लायसन पुन्हा झालं नाही, आणि पोरांनी ट्रक विकून टाकला. मोटरसायकलची चावीसुद्धा सून पिठाच्या डब्यात लपवायला लागली. तेव्हापासून माणूस ओट्यावर बसून असायचा. समोर जेवणाचं ताट आलं की आधी दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरायचा, मग भाकरी मोडायचा. माझी बायको आजारी होती तेव्हाही ती स्वतःचं सोडून त्याचंच बोलायची. म्हणायची, “त्याले हातात काहीतरी द्या कोणी. त्याचे हात मरतील.” ती दिवाळीनंतर गेली. हातात काय द्यायचं ते कोणाला सुचलं नाही.

सुचलं ते त्याचं त्यालाच, नशिराबादच्या एका लग्नात. ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांच्या माडीवर नवरदेवाचा भाऊ कॉम्प्युटरवर ट्रक चालवत बसला होता. पडद्यावर रस्ता, आरसे, वायपर, सगळं. माझा मेव्हणा त्याच्या पाठीमागे जो उभा राहिला तो पंगत उठली तरी हलला नाही. वरणबट्टी संपली, वांग्याची भाजी संपली, हा उभाच. शेवटी त्याने एकच विचारलं, “याले लायसन लागस का?” तो नाही म्हणाला. झालं. लग्नातून घरी न जाता हा रस्त्यावर उभा राहून मला फोन करतोय, “दाजी, मी गाडी ले राहिनू.” मी म्हटलं घे. मला कशातच पडायचं नव्हतं.

त्याच्या घरी त्या गाडीला जागा नव्हती. सून म्हणाली, बाबा, इथे एक तर तुमची खाट राहील, नाही तर तुमचा कॉम्प्युटर. म्हणून ती माझ्याकडे जळगावला ठेवायची असं त्याने मला न विचारताच ठरवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी तो बसने आला. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते. यंदा भाऊच बहिणीच्या घरी आला, आणि बहीण नव्हती. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरतात, तिच्या नावाची ही पहिली. त्याने पाणी भरलं, मी नैवेद्य ठेवला, दोघं जेवलो. हात धुता धुता म्हणाला, “चला दाजी, गाडी लेवाले जानं शे.” मी म्हटलं, आज? तो म्हणाला, आखाजीला मुहूर्त बघावा लागत नाही. मला नाही म्हणायचा कंटाळा आला, म्हणून मी चप्पल घातली.

त्या दुकानदाराची मला अजून दया येते. मध्यम वयाचा, शांत माणूस. आधी विचारू लागला, आबा, गेम कुठली खेळायची, त्यावर प्रोसेसर ठरेल, त्यावर मदरबोर्ड, मग ग्राफिक कार्ड, आणि या सगळ्यांना पुरेल असं कॅबिनेट शेवटी घेऊ. मेव्हणा म्हणाला, आधी बॉडी दाखव. दुकानदाराने काचेचं एक काढलं, आत रंगीत दिवे लुकलुकत होते. “इंजिन कोणी काचमा ठेवस का?” दुसरं काढलं. ह्याने ते उचललं, हलवलं, बोटाने वाजवलं आणि नाक आत घालून वास घेतला. “पत्रा पातळ शे.” तिसरं, चौथं. दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला लागली. मी एका खोक्यावर बसून घेतलं. शेवटी सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जड, पुढे सबंध बारीक जाळी असलेलं एक काळं कॅबिनेट त्याला पसंत पडलं. दुकानदार म्हणाला, आबा, तुम्हाला एवढं मोठं लागणार नाही. हा म्हणाला, “उद्या माल वाढला तर?”

आतल्या वस्तूंची तीच गत. प्रोसेसर हातात दिला तर उलटापालटा करून म्हणतो, “इतलंसं इंजिन? हाई तर बत्तासा शे.” आणि दुकानदाराने त्याच्यावर पेस्ट लावायची असते असं सांगितलं तेव्हा कुठे त्याला तो खरा वाटला, कारण ग्रीसशिवाय इंजिन त्याने पाहिलं नव्हतं. रॅमच्या दोन पट्ट्या म्हटल्यावर, एक कामाची आणि एक स्टेपनी, असा त्याने स्वतःच अर्थ लावला. वीज देणारा डबा घेताना घाट चढताना कमी पडणार नाही ना, असं त्याने तीनतीनदा विचारलं. ग्राफिक कार्डाला तीन पंखे बघून त्याला आमच्या भागातल्या उन्हाचा विचार केलेला माणूस भेटला असं वाटलं आणि कंपनीचा मालक खानदेशी आहे का, अशी चौकशी झाली. स्टिअरिंग आणि पायातले पेडल मात्र त्याने वास न घेता घेतले. स्टिअरिंग दोन्ही हातांत धरून तो दुकानाच्या दारातून बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिला. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

बाकीचा माल जोडायला दुकानातच राहील, कॅबिनेट तेवढं मी नेतो आणि चार दिवसांनी आणून देतो, असं म्हणून हा ते डोक्यावर घेऊन निघाला. कुठे, ते मला सांगितलं नाही. ट्रकांच्या बॉड्या रंगवणारा त्याचा एक जुना पेंटर आहे. परत आणलं तेव्हा ते कॅबिनेट उरलं नव्हतं. दोन्ही बाजूंना गुलाब, वर मोर, आणि पुढच्या सबंध जाळीवर लाल रंगाचे जाड हात मारून त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘अक्कानी कृपा’. खाली काळा गोंडा. दुकानदाराने जाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “आबा, ही जाळी...” मेव्हणा म्हणाला, “मनी कोन्तीबी गाडी अक्काना नावबिगर रस्तावर निंघनी नही.” दुकानदार बिचारा कामाला लागला. त्याने सामान जोडलं, आणि गाडी माझ्या घरी, बायकोचं शिलाई मशीन असायचं त्या खिडकीखाली लागली. ह्याने नारळ आणला होता. तो मी अंगणात फोडायला लावला.

पहिल्या दिवशी तो चुकीच्या बाजूने सुटला. त्या खेळातला मुलूख कुठला कोण जाणे, तिथे सगळे उजवीकडून चालतात, आणि हा आपल्या डाव्या हाताला धरून, समोरच्या प्रत्येकाला शिव्या देत. मला हसू आलं. तसं हसू कितीतरी महिन्यांत आलं नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. पण अर्ध्या तासात पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. मे महिना, जळगावचं ऊन, आणि डबा असा तापलेला की हात लावता येईना. तो माझ्याकडेच मुक्कामाला होता, आणि असं रोज. आठवड्याभरात त्याचे हात पुन्हा ताटाच्या कडेला जायला लागले. मला म्हणाला, “दाजी, डोळा गया, आते गाडीबी मले नही म्हनस.” मग गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुकानदार घरी आला. डबा उघडून, हात आत घालून बसला आणि हळूच म्हणाला, “आबा, केळीची गाडी भरताना तुम्ही हवा जायला जागा ठेवता ना? इथे हवा पुढून येते. जाळीच्या सगळ्या भोकांत रंग बसलाय.” मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर केळी वाहिलेला माणूस. दुकानदार म्हणाला, रंग काढायचं औषध लावलं तर सगळा निघेल, नाही तर नवी जाळी मागवतो. मेव्हणा माझ्याकडे बघत होता. नाव त्याच्या बहिणीचं, पण बायको माझी, म्हणून बहुतेक. तो म्हणाला, “नाव पुसू का, दाजी? तुमी सांगा.”

मी उठलो. माळ्यावरून पोती शिवायचे दोन दाभण काढले, मिलमधले. पुढची जाळी काढून दोघांच्या मध्ये आडवी ठेवली आणि एका टोकाने मी सुरुवात केली. एकेक भोक टोचायचं, रंग आत पडू द्यायचा, पुढच्यावर जायचं. त्याला कळलं तेव्हा त्याने दुसरं टोक धरलं. दुकानदार थोडा वेळ बघत उभा राहिला आणि चहा न घेता गेला. ते काम आम्ही दुपारभर केलं. मधे तो म्हणाला, अक्का लहानपणी त्याच्या पायातले काटे असेच काढायची, आणि काढताना मारायचीही. मी म्हटलं, मला ती मारायची नाही, बोलायचीच फक्त. तो म्हणाला, “बोलनंच जास्त लागे तिनं.” मी म्हटलं हो. तिच्याबद्दल इतकं मी तिच्या दहाव्यालाही बोललो नव्हतो. माझ्या बाजूला ‘कृपा’ आली होती, त्याच्या बाजूला ‘अक्का’. अक्षरांची चाळण झाली, पण लांबून वाचता येतात.

आता गाडी तापत नाही. दर सोमवारी तो धुळ्याहून येतो आणि गुरुवारी जातो, सून म्हणते जाऊ द्या. उजवीकडून चालवायला शिकलाय. धाबा दिसेल तिथे गाडी थांबवून मला चहा टाकायला लावतो. कंटाळा मला आहेच, तो जाईल असं वाटत नाही. पण त्याच्या धूसर डोळ्याला पडद्याची डावी बाजू दिसत नाही, म्हणून क्लीनर बसतो तसा मी त्याच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसतो. वळण आलं की तो वेग कमी करतो आणि मान न वळवता विचारतो,

“डावी बाजूले दखा दाजी, कोनी येस का?”

मी वाकून नीट बघतो. बघायला थोडा वेळ लावतो.

“कोनी येत नही,” मी सांगतो. “जाऊ दे.”