दोनदा मेस्त्री आणि लाल ठिपका

गाडी मेस्त्रींकडे जायच्या आदल्या दुपारी मी अंगणात जुनी चटई अंथरली, नेलपॉलिशची बाटली घेतली आणि सरपटत गाडीखाली गेले. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "काही पडलं का हो?" मी म्हटलं, "कानातलं." कानातली दोन्ही कानांत होती, पण तिला काय दिसणार?

खाली जिथे जिथे नवी किंवा धड वस्तू दिसली तिथे एकेक लाल ठिपका दिला. एकूण नऊ. ही अक्कल माझी नाही, वडिलांची. ते घड्याळ दुरुस्तीला देताना आतल्या झाकणावर सुईने रेघ ओढून द्यायचे आणि परत आल्यावर भिंगाखाली ती रेघ शोधायचे. आम्ही हसायचो. मग माझ्या संसारात एका मेकॅनिकने नवी बॅटरी काढून तशाच रंगाची जुनी बसवून दिली, आणि माझं हसू थांबलं.

गाडी तशी आमची, पण वापरायची माझी नणंद. ती नर्स. डोंगराच्या वरच्या अंगाला सव्वीस घरांची वस्ती आहे, तिथला दोन खोल्यांचा दवाखाना आठवड्यातून तीनदा तिच्यावर चालतो. वस्तीच्या अलीकडे चिकणमातीचा चढ, आणि त्यावरून बारा महिने झऱ्याचं पाणी झिरपतं. आमच्या व्हॅनच्या इंजिनची ओढ फक्त मागच्या चाकांना. ती चाकं तिथे जागच्या जागी फिरत राहायची, आणि नणंद लसींचा खोका खांद्यावर घेऊन उरलेला चढ पायी चढायची. मागे एका बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं होतं. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने शेवटी पत्र दिलं: महिनाअखेरपर्यंत गाडी दवाखान्याच्या दारात पोचली तर ठीक, नाहीतर वरचा दवाखाना बंद. पेशंटनी खाली यावं.

"खाली कसं यावं ते पत्रात नाही," नणंद म्हणाली. "उडत, बहुतेक."

तेव्हा ठरलं, व्हॅनची चारही चाकं ओढती करून घ्यायची. हे काम करणारा माणूस एकच, आणि त्याला सगळे 'दोनदा मेस्त्री' म्हणायचे.

मेस्त्री साठीच्या घरातले, काटकुळे. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. गॅरेज गावाबाहेर, पत्र्याची लांबलचक शेड. पूर्वी ते एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचे. तिथे म्हणे त्यांनी एकदा इतका माल नापास केला, की साहेबांनी त्यांनाच नापास केलं. तेव्हापासून स्वतःचं गॅरेज. कुठलाही नट आवळला की सैल करून पुन्हा आवळायचे. बाजारातल्या मोजपट्टीवर विश्वास नाही म्हणून दोन मोजपट्ट्या बाळगायचे आणि एकीने दुसरी तपासायचे. शेडच्या तोंडाशी त्यांची बायको शिवणयंत्रावर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत बसायची. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "माणूस कसा आहे हो कामाला?"

दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, "तीस वर्षं मी वाढलेल्या आमटीत मीठ आहे का हे ते दोनदा विचारतात. एकदा खाण्याआधी, एकदा खाल्ल्यावर."

मला हे उत्तर पटलं नाही. इतका संशयी माणूस प्रामाणिकच असेल असं थोडंच आहे? चोरालाच कुलूप जास्त लागतं.

काम कसं होणार ते मेस्त्रींनी एकदाच, जमिनीवर काटकीने काढून सांगितलं. आमच्याच कंपनीची, पण मुळातच चारही चाकं ओढणारी एक अपघातातली व्हॅन त्यांनी भंगारातून आणली होती. मागून ट्रक बसल्याने तिचा मागचा भाग चुरडलेला, पुढचा शाबूत. तिचा पुढचा आस आणि ताकद पुढे-मागे वाटून देणारी पेटी आमच्या गाडीला बसवायची. "वीस दिवस," ते म्हणाले. "मध्ये येऊ नका."

मध्ये येऊ नका म्हटल्यावर कोण घरी बसेल! मी तिसऱ्याच दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने गेले. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही पण चला." ते म्हणाले, "अगं, माणसावर विश्वास ठेवावा. तू जगाकडे पोलिसासारखं बघतेस." आमचे हे असेच, सगळं जग साधंभोळं मानणारे.

गाडीवर ताडपत्री होती. का? उघड्या शेडमध्ये गाडी झाकायचं कारण काय? विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "धूळ." त्या शेडमध्ये बाकी सगळ्या वस्तूंवर बोटभर धूळ होती, तिच्यावर कुणी ताडपत्री घातली नव्हती.

सातव्या दिवशी गेले तर काम बंद. मेस्त्री एका स्टुलावर बसून हाताने चाक फिरवत होते. टायरवर खडूची रेघ. चाक फिरवायचं, पुटपुटायचं, खाली वाकून बघायचं, वहीत काहीतरी लिहायचं, पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास मी बघत होते. महिनाअखेरीला तेवीस दिवस उरले होते आणि हा गृहस्थ लहान मुलासारखा चाक फिरवत बसलेला.

"काय चाललंय मेस्त्री?"

"मोजतोय."

"चाकं चारच आहेत ना अजून?"

ते हसले नाहीत. वही मिटली आणि उलटी ठेवली. उलटी ठेवली हे मी नीट लक्षात ठेवलं.

वीसचे पंचवीस दिवस झाले. नणंदेने सुट्टीच्या दिवशी गाडी बघायला जायचं ठरवलं, आणि या वेळी हेही आले. ताडपत्री काढलेली होती. गाडी थोडी उंच दिसत होती, पुढच्या चाकांमधून नवा आस डोकावत होता. नणंद खूश झाली. मी मात्र मागच्या बाजूला जाऊन खाली वाकले. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा फुगीर भाग असतो, तो डिफरन्शियल. आतले दाते चाकांना फिरवतात. आमचा गेल्याच वर्षी नवा घातलेला, म्हणून त्याच्यावर मी ठसठशीत ठिपका दिला होता.

ठिपका नव्हता.

भोपळाही आमचा नव्हता. हा जुना, काळा, एका बाजूला पोचा आलेला.

चोर पकडायचा तर माल सापडायला हवा. शेडमध्ये हिंडायचं निमित्त काढलं. भिंतीला लागून मेस्त्रींचा स्वतःचा जुना पिकअप उभा होता. रुमाल पडल्यासारखं केलं, वाकले, आणि त्याच्याखाली बघितलं. माझा लाल ठिपका माझ्याकडे बघत होता.

"मेस्त्री!" माझा आवाज एवढा चढला की शिवणयंत्र थांबलं. "आमच्या गाडीचा डिफरन्शियल तुमच्या गाडीत काय करतोय?"

मेस्त्रींनी हात पुसले. आधी एका फडक्याला, मग दुसऱ्या.

"फिरतोय," ते म्हणाले.

"वर थट्टा! आमचा नवा काढून स्वतःला लावलात आणि तुमचा पोचा आलेला आमच्या गळ्यात? माझी नणंद या गाडीतून औषधं नेते. काही लाज?"

"वहिनी, हळू," नणंद म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. पाच दिवस उरले होते. दुसरा मेस्त्री शोधायला पाच दिवस कुठे पुरणार?

मेस्त्रींनी एक खडू माझ्या हातात दिला. "ताई, मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही. तुम्हीच मोजा. मी हात लावत नाही." आणि खरंच दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

त्यांनी सांगितलं तसं आम्ही केलं. पिकअपचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर. नणंद चाक फिरवायला बसली, मी खाली आडवी झाले, आणि ताकद आणणाऱ्या लोखंडी दांड्यावर खडूची रेघ मारली. चाकाचे वीस फेरे होईपर्यंत दांडा किती वेळा फिरतो ते मोजायचं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"हा तुमचा, ठिपक्याचा. आता तुमच्या गाडीची पुढची बाजू."

नवऱ्याने जॅक लावला. पुन्हा वीस फेरे. पुढचा दांडा फिरला शेहेचाळीस वेळा. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. शेहेचाळीसच.

"आता विचार करा," मेस्त्री म्हणाले. "तुमचाच भोपळा मागे ठेवला असता तर इंजिन एका दमात मागच्या चाकांना सांगणार वीस फेरे मारा, आणि पुढच्यांना त्याच दमात अठरासुद्धा नाहीत. दोन बैल, एक पळणार, एक रेंगाळणार. आणि जू एकच. चढावर काहीतरी तुटणार. भंगारातल्या गाडीचा जोडीचा भोपळा ट्रकखाली गेलेला. तसा दुसरा या गावात एकाच गाडीला होता. माझ्या. मी पूर्वी ओझी वाहायचो, आता वाहत नाही. मला तुमचा चालतो."

मी व्हॅनच्या मागच्या बाजूलाही सरपटले. पोचा आलेल्या भोपळ्याने वीस फेऱ्यांना शेहेचाळीस दिले. पुढच्याशी तंतोतंत.

उठून बसले. केसांत ग्रीस. पण मी सहजासहजी हरणारी नव्हे. "मग हे आधी का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मेस्त्री नवा ढापून जुना चिकटवतोय. तुम्हाला पटवण्यात महिना गेला असता."

"मी असं कशाला म्हणेन!"

"मग अकरा ठिपके कुणी लावले?"

मी बोटांवर मोजलं. मग लक्षात आलं. "अकरा? मी तर नऊच लावले."

आम्ही दोघींनी एकदमच यांच्याकडे पाहिलं. हे शेडच्या पत्र्याला पडलेली भोकं मोठ्या अभ्यासाने बघत होते.

"बाटली टेबलावरच होती," ते अखेर म्हणाले. "म्हटलं, तू रेडिएटर विसरली असशील."

मेस्त्रीणबाईला हसू आवरेना. पण नणंद हसली नाही. ती मेस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली. "मेस्त्री, काम चोख आहे, मान्य. पण उद्या मी पेशंटला न विचारता त्याची किडनी बदलली आणि वर म्हटलं, दुसऱ्याला हीच बसत होती, तुमची मला चालते, तर?"

मेस्त्रींनी चष्मा काढून तारेची काडी नीट केली.

"चुकलं, सिस्टर."

"सगळं दोनदा करता," मशीनमागून बायको म्हणाली, "आणि विचारायचं एकदाही सुचलं नाही."

आम्ही अदलाबदल मान्य केली. मेस्त्रींनी वहीतलं पान फाडून त्यावर कुठली वस्तू कुठे गेली ते लिहिलं आणि खाली सही केली. मग माझ्याकडून नेलपॉलिश मागून आपल्या पोचा आलेल्या भोपळ्यावरही एक ठिपका दिला. "आता हा तुमचा," म्हणाले. बाटली माझ्या पर्समध्ये होती हे त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी गाडी चढावर नेली. संस्थेचे एक गृहस्थ वर दवाखान्याच्या दारात घड्याळ बघत उभे होते. स्टिअरिंगवर नणंद, शेजारी मेस्त्री. ते पायथ्याशी उतरून एकदा गाडीखाली बघून आले, अर्थात दोनदा. आणि मी? मी चढाच्या सगळ्यात निसरड्या जागी, रस्त्याच्या कडेला उभी. खरं सांगायचं तर अजून मला खात्री नव्हती. खडूचे आकडे शेडमध्ये ठीक, पण पुढची चाकं खरंच ओढतात की नुसती सोबत फिरतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

गाडी आली. झऱ्याच्या पाण्यावर मागचं चाक घसरलं, मागचा भाग जरा वाकडा झाला. इतकी वर्षं गाडी इथेच थांबायची. नणंदेने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. मग माझ्या समोरचं पुढचं चाक मातीत रुतलं, क्षणभर अडलं, आणि चिखलाचा एक लोंढा सरळ माझ्या तोंडावर, चष्म्यावर, नव्या कपड्यांवर. मला काही दिसेना. ऐकू आलं ते एवढंच, की इंजिनचा आवाज वर वर जातोय आणि वस्तीतली माणसं ओरडतायत.

चष्मा पुसून वर पाहिलं तेव्हा व्हॅन दवाखान्याच्या दारात होती आणि नणंद लसींचा खोका हातात घेऊन उतरत होती. खांद्यावर नव्हे, हातात. संस्थेचे गृहस्थ कागदावर काहीतरी लिहीत होते.

मेस्त्री मात्र चिखलातून चालत माझ्यापर्यंत खाली आले. माझ्या अवताराकडे बघून म्हणाले, "पुढच्या चाकाने उडवला?"

"वाटतं तरी तसं. पण डोळ्यांत गेल्यामुळे नीट दिसलं नाही."

त्यांनी मान हलवली, जसं काही याच उत्तराची अपेक्षा होती. "मलाही आतून नीट कळलं नाही. एकदा चढली म्हणजे नशीब, ताई. दोनदा चढली म्हणजे काम." आणि वर तोंड करून ओरडले, "सिस्टर! खोका ठेवा आणि गाडी खाली आणा. परत चढायचंय!"

नणंदेने वरून कपाळावर हात मारलेला मला दिसला. मी चष्म्याची काच ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसली आणि पुन्हा त्याच जागी, पुढच्या चाकाच्या रेषेत उभी राहिले.