गाडी गरम होईपर्यंत

आमच्या घरात नवराबायकोनं बोलायची एकच जागा होती, चालू मोटरसायकलच्या शेजारी. मेहकरातलं तीन खोल्यांचं घर. त्यात सासूबाई, मामंजी, दोन दीर आणि आम्ही दोघं. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. महाराष्ट्र राज्य नवं झालं होतं, घरातली रीत जुनीच होती.

हे शाळेत मास्तर. लग्नाआधीच यांनी एका निवृत्त फौजी माणसाकडून दोन सिलिंडरची विलायती गाडी घेतली होती. रोज सकाळी ती अंगणात सुरू करायची आणि पाच मिनिटं गरम होऊ द्यायची, असा यांचा नेम. ती सावकाश धडधडत राहायची, मी डबा हातात घेऊन उभी, आणि त्या आवाजाच्या आडोशानं आमचं सगळं बोलणं व्हायचं. बीबी गावाला माझ्या माहेरी कधी जायचं, कुणाचं पोट दुखतंय, कोण कुणावर रुसलंय. लग्नाला सहा महिने झाले होते आणि माझा सगळा संसार त्या पाच मिनिटांत चालला होता.

दसऱ्यानंतर गाडी बिघडली. रस्त्यावर झकास धावायची, पण वेगाची मूठ सोडली की धापा टाकायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. एकदा मी सासूबाईंच्या वरणाला नावं ठेवत होते. नेमकी तेव्हाच ती बंद पडली आणि "नुसतं पानी असते हो" हे माझे शब्द अंगणभर ऐकू गेले. सासूबाई चुलीपाशीच होत्या. त्या दिवशी मी तेच वरण मान खाली घालून दोनदा वाढून घेतलं.

यांनी पंधरा दिवस हरतऱ्हेनं करून पाहिलं. प्लग बदलले, पेट्रोलच्या तोटीची जाळी धुतली, हवेचा स्क्रू कधी अर्धा फेरा आत, कधी बाहेर. गावातल्या मिस्त्रीनं दोन्ही कार्बुरेटरच्या खालच्या वाट्या उघडून आतले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक नळ्या, फुंकून साफ केले. फरक शून्य. रोज किका मारून मारून हे घामाघूम, वर शाळेला उशीर. शेवटी मामंजी म्हणाले, "इकून टाक बे. सायकल बरी." चिखलीचं एक गिऱ्हाईक रविवारी येणार असं ठरलं. मला रडू येत होतं, पण गाडीसाठी रडते हे सांगायचं तरी कुणाला?

शनिवारी दुपारी घरात सगळे निजले होते. यांनी शेवटचं म्हणून गाडी मागच्या अंगणात घेतली. मूठ थोडी धरून चालू ठेवली आणि डाव्या प्लगची टोपी काढली, तर इंजिन लगेच बंद. पुन्हा सुरू करून उजवीकडची काढली, तर काही फरकच नाही.

"पाय, हळू चालताना हे उजवं सिलिंडर कामच नाही करून राह्यलं," हे म्हणाले. "हवा नाही भेटून राह्यली त्याले. पण काऊन, तेच समजत नाही."

उजवं म्हटल्यावर मला एकदम आठवलं. खंडेनवमीला यांनी कार्बुरेटरवरच्या हवेच्या जाळ्या धुवायला काढल्या होत्या. गाडीची डावी बाजू भिंतीला लागून होती. पूजा मी केली, या घरातली माझी पहिलीच. हँडलला, दिव्याला, टाकीला बोटं लावली आणि मग उजवीकडचं ते उघडं गोल तोंड दिसलं. तोंड आहे, तर त्याला नको का लावायला? तेलात कालवलेलं हळदकुंकू चांगलं दोन बोटं भरून आतून थापलं. दुसऱ्या दिवशी वर जाळी बसली आणि सगळं झाकलं गेलं.

"अवो," मी म्हटलं, "त्या तोंडात म्या हळदकुंकू लावलं होतं."

यांनी पाना उचलला. मग जाळी काढली. आत कडेला सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. गाडी हळू चालते तेव्हा तिथून हवा जाते म्हणे. ते पार बुजलेलं, वर वाळलेली हळद. केरसुणीची काडी पेट्रोलमध्ये बुडवून यांनी ते मोकळं केलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली आणि मूठ सोडल्यावरही चालूच राहिली. हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला, आणि त्याच वेळी हा माणूस मला फार आवडलाही.

पण मामंजी शब्दाचे पक्के. रविवारी गिऱ्हाईक ओसरीवर येऊन बसलं. यांनी पडलेल्या चेहऱ्यानं गाडी चालवून दाखवली, बंद केली. सौदा जमत आला होता. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. परक्या माणसासमोर त्या कधी तोंड उघडत नसत.

"गाडी नाही इकायची," त्या सरळ मामंजींना म्हणाल्या. "सून सकाळी बोलाले कुठं जाईन मंग? आपलं तं न बोलताच गेलं."