डोळ्यांचं पाणी ठेवणारे रुद्रप्पा सर

रसायनशास्त्राच्या रुद्रप्पा सरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. नेकनूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो, डबा खाल्ला आणि हात धुवायला प्रयोगशाळेतल्या निळ्या टाकीत प्लास्टिकचा मग बुडवला. तेवढ्यात कुणीतरी कॉलर धरून मला असं उचललं, की खिडकीतून थेट बीडचं एसटी स्टँड दिसलं. गाड्यांच्या पाट्याही वाचता आल्या.

"हे पाणी हात धुवायचं न्हाई, सर. डोळ्यांचं हाय," खालून शांत आवाज आला.

"कुणाच्या डोळ्यांचं?"

"ज्याच्या डोळ्यात ॲसिड उडंल त्याच्या." आणि त्यांनी मला सोडलं. वरूनच.

नळाला पंधरवड्याने पाणी येणाऱ्या गावात दोनशे लिटर पाणी नुसतं भरून ठेवायचं, हे संस्थेला सलायचं. शिपाई हरिबाने एकदा त्यातलं पाणी चहाला घेतलं, तर सरांनी किटली भिंतीवर आपटून तिची परात केली. चष्मा न लावता बाटलीला हात लावणाऱ्या पोराच्या पाठीत असा गुद्दा बसे की शेजारच्याला खोकला यायचा. "आधी पाणी, मग ॲसिड, थेंब थेंब," हे सर लोखंडी स्टँड टेबलावर हाणत शिकवायचे. मारून झालं की त्याच पोराला डब्यातली भाकर द्यायचे.

मार्चमध्ये संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांचा सत्कार ठरला. प्राचार्यांच्या हुकमाने हरिबाने टाकी उपसून मांडवातले कूलर भरले. रिकामी टाकी पाहून सर उखडले. "बाटलीला कुणी हात लावायचा न्हाई," असं पोरांना बजावून ते प्राचार्यांना झोडायला निघाले.

अकरावीतल्या सायलीची दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती, म्हणून सरांची पाठ वळताच ती सरावाला लागली. तिच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाशी घोटभरच पाणी होतं. घरी कणकेत पाणी जपून घालायची सवय. तिने आधी ॲसिड घेतलं. लागेल तेवढंच पाणी वरून घालू म्हणाली.

ॲसिड उसळून तोंडावर आलं. किंकाळी ऐकून सर प्राचार्यांची गचांडी सोडून धावले. सायलीला वेणीला धरून फरफटत मांडवात आणलं. पाणी आता तिथेच होतं. स्टेजवरच्या टेबलाला लाथ घातली. हार, श्रीफळं उडाली. "कोण हाय बे हा?" म्हणत अध्यक्ष उठले, ते सरांच्या कोपराने दात पाडून घेत कूलरवर आदळले. पाहुण्यांसाठी आणलेले पाण्याचे जार सर एकामागून एक तिच्या डोळ्यांवर ओतत होते.

"डोळे उघड. मिटलेस तर मुस्काट फोडीन."

"अहो, पाहुण्यांनी काय प्यायचं?" प्राचार्यांनी हात धरला. सरांनी रिकामा जार त्यांच्या डोक्यात घातला आणि पुढचा उचलला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत धार तुटली नाही.

सायलीचे डोळे वाचले. गालावर डाग राहिला.

अपघाताच्या वेळी शिक्षक प्रयोगशाळेत हजर नव्हते, असं चौकशी समितीने लिहिलं. ते खरंच होतं. सरांना नोकरीवरून काढलं.