ढेकर थांबवण्याचे उपाय

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि परळच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक, त्यावर पातळ रुमाल. माझा बाप वाचला, आवाज गेला. आणि वरळीच्या आमच्या चाळीत पौर्णिमेची वंदना म्हणजे अण्णाच. विहारात ते पुढे म्हणणार, आम्ही सगळे मागून. आता चहा हवा असला तरी पाटीवर लिहायचे, आणि मी वाचेपर्यंत चिडायचे.

मीही चिडकीच. शेवटी मुलगी कुणाची! आवाज शिकवणाऱ्या बाईंची तारीख मिळाली ती लांबची. तोवर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. गॅलरीत येरझाऱ्या घालत मोबाईलवर शोधत सुटले. घसा, आवाज गेला, ऑपरेशननंतर आवाज. समोर काय येतंय? मध-हळद, ज्येष्ठमध, गाणाऱ्यांसाठी गुळण्या. अगं बाई, पेटीच नाही तर गुळण्या कसल्या करू? एक व्हिडिओ अर्धा बघायचा, वैतागून पुढचा लावायचा. मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटायचा.

त्यात अण्णांना ढेकर सुरू झाले. जेवल्यावर, न जेवता, पाहुण्यांसमोरसुद्धा. "अहो, गॅस झालाय तुम्हाला," म्हणत आई ओवा नि काळं मीठ त्यांच्या हातावर ठेवायची. मी लगेच सर्च केलं, ढेकर थांबवण्याचे उपाय. यावर मात्र उत्तरांचा नुसता पाऊस! हिंगाचं पाणी, जिरं, बडीशेप, डाव्या कुशीवर झोपा. मी वाचायचे, आई करायची. दोघींनी असा धडाका लावला की ढेकर जवळजवळ बंदच. आम्ही खूश.

मग एकदा एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा, गळ्याला अण्णांसारखंच भोक, आणि चक्क हिंदीत बोलत होता. घोगरं, तुटक, पण बोलत होता. हवा अन्ननलिकेत घ्या, म्हणाला, आणि ढेकरासारखी वर सोडा. तोच तुमचा नवा आवाज. प, त, क पासून सुरू करा.

"आई, तो हिंग ठेव आधी खाली!"

"का गं, काय झालं?"

"अगं, तोच आवाज आहे त्यांचा! आपण दोघी मिळून बंद पाडतोय!"

हॉस्पिटलात फोन केला. तिथल्या आवाज शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मुळीच थांबवू नका. आईनं हिंगाचं पाणी मोरीत ओतून दिलं. मला तर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आता सराव. "पापा, ताता, काका" म्हणायचं. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "मी काय तान्हं पोर आहे?" आणि भिंतीकडे तोंड केलं. मी ओरडायचे, ते पाटी आपटायचे. रोजचा तमाशा. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली. विहाराची पोरं दारात येऊन म्हणाली, "ताई, या वेळी वंदना मोबाईलवरून स्पीकरला लावू का? नेटवर मस्त मस्त आहेत." अण्णा आतून ऐकत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी पोरांना म्हटलं, "उद्या सांगते रे."

पोरं गेली. अण्णांनी ओठ घट्ट मिटले, मान ताणली. एक ढेकर. पुन्हा एक. मग फुटलं, "पा." पुन्हा. "पाणा... तिपाता."

पंचशीलाचा पहिला शब्द; 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहीन. प आणि त, सगळं त्यातच होतं की! आणि मी त्यांना ताता म्हणायला लावत होते.

पौर्णिमेला अण्णा माईकसमोर बसले. "पाणातिपाता..." आणि हवा संपली. मान खाली घालून पुन्हा हवा ओढायला लागले. आमची चाळ कसली घाईची! एरवी अर्धे जण त्यांच्या पुढेच पळायचे. आज कुणी पुढे गेलं नाही. एवढा वेळ गेला, तरी सगळे हात जोडून बसलेले.

"...वेरमणी."

मग सगळा विहार मागून म्हणाला. "पाणातिपाता." आणि थांबला. अण्णा थांबले होते तेवढाच. मग, "वेरमणी." म्हाताऱ्या, पोरं, सगळी. अण्णा जिथे जिथे तुटले तिथे सगळी चाळ तुटत होती, आणि मी भर सभेत ढसाढसा रडत होते.