ब्याऐंशी अंशांचं आभाळ

अजून हातात न आलेल्या वस्तूशी तीन वर्षं इतक्या निष्ठेनं संसार करणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. ती वस्तू म्हणजे दुर्बिणीचा आयपीस, ज्याला आपण डोळा लावतो ती भिंगांची नळी. मामा रत्नागिरीत मच्छीमारी लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारे फिटर. अंगाला कायम डिझेलचा वास, कानावर पेन्सिल, आणि बोलण्यात 'साधारण' हा शब्द अजिबात नाही. चहात साखर किती, असं विचारलं तर चमचा भरून दाखवायला सांगत. मी तेव्हा तिथं शाळेत इंग्रजी शिकवत होतो. त्यामुळे मुंबईच्या फुटपाथवरून त्यांनी मागवलेली परदेशी खगोल मासिकं वाचून दाखवायचं काम जावई या नात्यानं माझ्याकडे आलं. मला आभाळाची विशेष आवड नव्हती. चहा मात्र चांगला मिळे.

दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली होती. भंगारात निघालेल्या जहाजाच्या खिडकीची जाड काच आणून तिच्यापासून बारा इंची आरसा घासला. त्यासाठी सहा महिने काच एका पिंपावर ठेवून घाशीत ते त्या पिंपाभोवती फिरत होते. मामी म्हणायच्या, "एवढ्या प्रदक्षिणा देवळात घातल्या असत्यात तर देव स्वतः दुर्बीण घेऊन आला असता." डोळा नळीच्या वरच्या तोंडाशी लावायचा आणि मामींना स्टुलावर चढायला भीती वाटे, म्हणून मामांनी आरसा जास्त खोल घासून दुर्बीण मुद्दाम आखूड ठेवली. ती जाडजूड लाकडी नळी तोफेसारखी एका पेटीत बसवलेली होती आणि हातानं ढकलून हवी तिकडे वळवायची होती. पेटी सहज फिरावी म्हणून खाली मामींच्या भजनांची एक तबकडी घातली होती. "तशीही ती दोन ठिकाणी अडकत होती," असं मामांचं म्हणणं. मामींचं म्हणणं वेगळं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

अशा आखूड दुर्बिणीला मासिकवाले 'फास्ट' म्हणत आणि तिची एक खोड सांगत: मधल्या चांदण्या टाचणीच्या टोकासारख्या, पण साधा आयपीस लावला तर कडेच्या चांदण्यांना पंख आणि शेपट्या फुटतात. मामांचा आयपीस एका मोडक्या लष्करी दुर्बिणीतून काढलेला. धूमकेतूच्या वर्षी सगळी आळी अंगणात जमली, दृश्याच्या कडेला चाळीसेक धूमकेतू पाहून तृप्त झाली आणि घरी गेली. मध्यभागी असलेल्या खऱ्या धूमकेतूला कुणी विचारलंही नाही. हा अपमान मामांच्या जिव्हारी लागला. कडेपर्यंत स्वच्छ दाखवणारा आणि आभाळाचा मोठा तुकडा एकदम डोळ्यात भरणारा आयपीस आणायचा, असं त्यांनी ठरवलं. माझा मेहुणा मस्कतला होता. तो सुट्टीवर येताना एक आणणार होता. प्रश्न इतकाच होता, की कुठला.

या प्रश्नानं तीन वर्षं खाल्ली. पन्नास अंशांचा, पासष्ट अंशांचा आणि ब्याऐंशी अंशांचा असे तीन उमेदवार होते. प्रत्येकातून दृश्य किती रुंद दिसेल हे कळावं म्हणून मामांनी पुठ्ठ्याची तीन नरसाळी केली. दर रविवारी ते मला भाट्याच्या किनाऱ्यावर नेत आणि एकेक नरसाळं डोळ्याला लावून माड मोजायला लावत. पन्नासात अकरा माड आले. ब्याऐंशीत एकोणीस माड आणि एक बकरी. "बघा जावईबापू, पन्नासवाल्याला ही बकरी जन्मात दिसणार नाय," मामा म्हणाले. ब्याऐंशीवाला अर्धा किलोचा आहे, असं कळल्यावर त्यांनी खलबत्त्यातला बत्ता नळीच्या तोंडाशी बांधून पाहिला. दुर्बिणीनं मान खाली घातली. मग मागच्या टोकाला वजन बांधलं. तो महिनाभर मामींनी मसाला पाट्यावर वाटला.

अखेर ब्याऐंशीवर शिक्कामोर्तब झालं आणि मस्कतला पत्र गेलं. पण पुढच्याच अंकात मला एक मजकूर सापडला आणि दुर्दैवानं मी तो वाचून दाखवला. आयपीसमधून प्रकाशाचा जो झोत बाहेर पडतो, तो डोळ्याच्या बाहुलीत मावला पाहिजे, नाहीतर उरलेला प्रकाश वाया जातो, आणि वय वाढतं तशी अंधारात बाहुली कमी उघडते. मामा ताडकन उठले. बाहुली मोजायची युक्तीही त्याच अंकात होती. ड्रिलची गुळगुळीत मागची बाजू डोळ्यासमोर अगदी जवळ धरून तारा बघायचा. तारा झाकला गेला तर बाहुली ड्रिलपेक्षा लहान. एकामागून एक जाड ड्रिल लावत जायचं. फिटरच्या घरी ड्रिलना काय तोटा?

संध्याकाळी अंगणात पुरता अंधार पडल्यावर मोजणी सुरू झाली. मी साडेसहा मिलिमीटर. मामा साडेपाच, म्हणून थोडे खट्टू. मग मामींना स्वयंपाकघरातून बोलावलं. त्या हात पुसत आल्या. उजवा डोळा पाच भरला. मग उजवा झाकायला लावून डाव्यापुढे मामांनी ड्रिल धरलं.

"तारा दिसतोय?"

"नाय."

मामांनी बारीक ड्रिल घेतलं. "आता?"

"नाय."

त्याहून बारीक, मग त्याहूनही. डब्यातलं शेवटचं, सुईसारखं ड्रिलही झालं. मामांनी ते खाली ठेवलं आणि रिकामा हात तसाच मामींच्या डोळ्यासमोर धरून राहिले. मग तो हातही बाजूला घेतला.

"आता?"

"नाय दिसत हो," मामी म्हणाल्या. "गणपतीपासूनच नाय दिसत. म्हटलं, दुसरा आहे की. तुमचं ते आयपीसचं चाललं होतं, त्यात आणखी कशाला?"

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला तो गेला. उजव्याच्याही कडा गेल्यात, मधलं शाबूत आहे, थेंब चुकवले नाहीत तर ते टिकेल. मामांनी विचारलं, "किती अंश उरलेत?" डॉक्टर म्हणाले, "वीस-पंचवीस." परतीच्या एसटीनं आंबा घाट उतरला. मामी खिडकीशी झोपल्या होत्या. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा ते मला म्हणाले, "दोन हातांवर बसते ती. तिच्या कडा गेलेल्या मला कळल्या नाहीत. आणि मी बकऱ्या मोजतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मस्कतला फोन लावला. ट्रंककॉलवर ओरडायचं असतं अशी त्यांची समजूत, त्यामुळे सगळ्या पोस्टानं ऐकलं. "रुंद नको! अरुंद आण! पन्नासवाला! मधे स्वच्छ पाहिजे, कडा मेल्या तरी चालतील!" काउंटरवरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "साडीचा काठ का हो?" मी हो म्हटलं.

मेहुणा पौषात आला. छोटासा, हलका, पन्नास अंशांचा आयपीस घेऊन आला. मामींना कळलं तेव्हा त्या चिडल्या. "तीन वर्षं जीव टाकलात त्या मोठ्यावर, आणि हे काय?" मामा म्हणाले, "तो जड होता." एवढंच.

रात्र झाल्यावर कृत्तिका डोक्यावर आल्या होत्या. मामी खुर्चीत बसल्या, उजवा डोळा लावला. त्या अख्ख्या झुबक्यातली एकच चांदणी त्यांच्या नजरेत मावत होती. मामांनी दोन्ही हातांनी ती तोफ धरली आणि इंजिनाची पिन बसवताना धरावा तसा श्वास धरून केसभर ढकलली.

"ही बघितलीस?"

"हं."

"आता दुसरी येईल."

थोड्या वेळानं मामी म्हणाल्या, "आली." मग पुन्हा केसभर. मी आणि मेहुणा पायरीवर बसून होतो. चहा निवून गेला होता. आम्ही दोघं मान वर करून त्याच कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी एका दमात पाहून मोकळे झालो होतो. मामींना मात्र त्या एकेक करून येत होत्या, आणि प्रत्येक आली की त्या सांगत होत्या. सातवी झाल्यावर मेहुण्यानं विचारलं, "संपल्या ना मामी?"

"गप रे," मामी डोळा न काढता म्हणाल्या. "हे अजून ढकलतायत."